विश्लेषण : माथेरानची वाट शेवटच्या तीन किलोमीटरवरच का अडते?

नवी मुंबईहून दीड-दोन तासांत गाठता येणारे माथेरान हे ब्रिटिशांनी वसवलेले गिरिस्थान. गेली काही वर्षे ते पर्यटनापेक्षा न्यायालयीन खटले, बंद आणि पर्यटकांच्या तक्रारींमुळेच अधिक चर्चेत आहे. हातरिक्षा, ई-रिक्षा, घोडे, मिनी ट्रेन आणि मातीचे रस्ते यांचे वाद वरवर वेगवेगळे दिसतात. प्रत्यक्षात ते दस्तुरी नाका ते बाजारपेठ या जेमतेम तीन किलोमीटरच्या पट्ट्यातच येऊन मिळतात.

वाहने दस्तुरीलाच का थांबतात?

रायगड जिल्ह्यातील कर्जत तालुक्यात, समुद्रसपाटीपासून सुमारे ८०० मीटर उंचीवर माथेरान आहे. नेरळहून घाट चढून येणारी मोटार दस्तुरी नाक्यावर थांबते. पुढे रुग्णवाहिका, अग्निशमन यांसारखी अत्यावश्यक वाहने सोडली तर मोटारींना बंदी आहे. ही परंपरा जुनी असली तरी तिला कायद्याची भक्कम चौकट मिळाली ती ४ फेब्रुवारी २००३ रोजी. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने त्या दिवशी माथेरान आणि भोवतालचा सुमारे २१५ चौरस किलोमीटरचा परिसर ‘पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र’ म्हणून घोषित केला. बांधकामे, वृक्षतोड, खाणकाम, वाहने या सगळ्यांवर त्यामुळे निर्बंध आले. माथेरानची सावली, शांतता आणि लाल मातीच्या वाटा टिकून आहेत त्या याच निर्बंधांमुळे.

पण मोटार थांबली तरी प्रवास संपत नाही. सामान घेऊन, लहान मुले आणि वयस्कर माणसांसह पर्यटकाला हॉटेलपर्यंत जायचे असते. मुंबई किंवा नवी मुंबईतून पहिल्यांदाच आलेल्या कुटुंबाला पुढचे अंतर किती, चढ किती, दर काय, शटल ट्रेन कधी सुटते, यातले काहीच ठाऊक नसते. या अज्ञानावर ज्यांचे पोट चालते, अशी एक साखळीच दस्तुरीला उभी राहिली. ‘गाडी बंद आहे’, ‘पॉइंट फार लांब आहेत’, ‘घोड्याशिवाय जाताच येणार नाही’ असे सांगून जादा पैसे उकळले जातात, अशा तक्रारी वर्षानुवर्षे होत होत्या. अखेर गावकऱ्यांनीच १८ मार्च २०२५ पासून बेमुदत बंद पुकारला. पर्यटकांची दिशाभूल थांबवा, ही स्थानिक व्यावसायिकांची मागणी होती. प्रशासनाच्या आश्वासनानंतर बंद लगेच मागे घेण्यात आला. पर्यटनावर जगणाऱ्या गावाने पर्यटकांच्या फसवणुकीविरुद्ध स्वतःचीच दुकाने बंद ठेवावीत, हे महाराष्ट्रात क्वचितच घडले असेल.

माथेरान ‘शोधले’ कोणी?

ठाण्याचे तत्कालीन जिल्हाधिकारी ह्यू पॉइन्ट्झ मॅलेट यांनी मे १८५० मध्ये माथेरान शोधले, असे पाठ्यपुस्तकापासून हॉटेलच्या पत्रकापर्यंत सगळीकडे छापलेले असते. ठाणे जिल्ह्याच्या १८८२ च्या गॅझेटिअरमध्ये हा प्रसंग तपशिलाने आला आहे. मॅलेट डोंगराच्या पायथ्याशी चौक येथे मुक्कामाला होते. पाण्याची बाटली, थंड कोंबडी आणि पाव एवढी शिदोरी घेऊन ते ओढ्याच्या पात्रातून वन ट्री हिलवर चढले, माथा ओलांडला आणि रामबागेच्या बाजूने उतरले. त्यांच्यासोबत वाटाड्या म्हणून होते चौकचे पाटील.

म्हणजे वाट पाटलांना ठाऊक होती. डोंगरावर आणि उतारांवर धनगर, ठाकर, कातकरी यांचा वावर होता. ‘माथ्यावरचे रान’ हे नावही साहेबाने दिलेले नाही. ‘शोध’ लागला तो एवढाच, की मुंबईच्या उन्हाळ्यातून सुटका करून घेण्यासाठी ही जागा सोयीची आहे. पुढे मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन यांनी इथे रस्ता काढायला लावला, स्वतःच्या बंगल्यासाठी जागा निवडली आणि माथेरान हे गिरिस्थान म्हणून आकाराला आले. मुंबईतल्या धनिक पारशी, बोहरा, गुजराती कुटुंबांचे बंगले त्यामागोमाग आले. लुईझा, अलेक्झांडर, पॅनोरमा, पॉर्क्युपाइन, गार्बट अशी नावे कड्यांना मिळाली. शार्लोट तलाव झाला. त्याच्या शेजारचे पिसारनाथाचे देऊळ मात्र आपल्या जुन्याच नावाने राहिले.

आजच्या वादाचे मूळ या रचनेत आहे. हे गाव वसवणाऱ्यांनी ज्यांच्यासाठी ते वसवले ती माणसे चालत येणार नव्हती. ती पालखीत, खुर्चीत, घोड्यावर आणि नंतर रिक्षात बसून येणार होती. कोणीतरी वाहून नेणार, हे गृहीत धरूनच गाव आखले गेले. वाहणारे लोक पायथ्याच्या वाड्यांतून येत. आजही भाजी, दूध, सिलिंडर, विटा-सिमेंट यांतला बराचसा भार माणसाच्या पाठीवरून किंवा घोड्याच्या पाठीवरूनच बाजारपेठेत पोहोचतो. मोटारबंदीचे कौतुक करताना तिची किंमत कोण मोजतो, हा प्रश्न फार काळ कोणी विचारला नाही.

हातरिक्षांचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयात कसे गेले?

माथेरानमध्ये ९४ परवानाधारक हातरिक्षा होत्या. एक माणूस पुढे दांडा धरून ओढतो, चढावर एक-दोघे मागून ढकलतात, मध्ये प्रवासी आणि त्यांच्या बॅगा. पावसाळ्यात लाल मातीचा चिखल, उन्हाळ्यात धूळ आणि दगड. उतारावर तर ओढण्यापेक्षा रिक्षा रोखून धरण्याचेच काम अधिक. यांपैकी अनेकांनी चाळिशी-पन्नाशी ओलांडलेली. मुलांनी हा धंदा करू नये, ही त्यांचीच इच्छा. त्यामुळे ‘हातरिक्षा बंद करा’ ही मागणी बाहेरच्या कोणा दयाळू माणसाने केलेली नव्हती. ती रिक्षा ओढणाऱ्यांच्या संघटनेतूनच आली होती.

अडचण पर्यावरणाच्या अधिसूचनेची होती. वाहनांना बंदी म्हणजे विजेवर चालणाऱ्या रिक्षालाही बंदी का? १२ मे २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक तत्त्वावर ई-रिक्षांना वाट मोकळी करून दिली. ५ डिसेंबर २०२२ पासून तीन महिने सात ई-रिक्षा धावल्या. प्रवाशामागे ३५ रुपये आणि विद्यार्थ्यांना पाच रुपये असा दर होता. या प्रयोगाचा सर्वाधिक फायदा पर्यटकांना झाला असे समजणे चूक ठरेल. रोज शाळेला चालत जाणारी मुले, दवाखान्यात जाणारी वृद्ध माणसे, बाळंतपणासाठी खाली जाणाऱ्या बायका यांना पहिल्यांदाच परवडणारे साधन मिळाले. २०११ च्या जनगणनेनुसार साडेचार हजारांच्या आत लोकसंख्या असलेल्या या गावाला स्वतःसाठी वाहन मिळायला १७० वर्षे लागली.

पुढचा वाद उभा राहिला तो परवान्यांचा. ई-रिक्षा कोणाला द्यायच्या? २०२४ मध्ये न्यायालयाने स्पष्ट केले, की त्या हातरिक्षा ओढणाऱ्यांनाच मिळाल्या पाहिजेत, आणि तूर्त संख्या २० पर्यंतच राहील. त्यानंतरही वाटपाबद्दल तक्रारी आल्याच. एखाद्या गरिबाच्या नावाने निघालेला परवाना दुसऱ्याच्या खिशात जाणे, ही आपल्याकडची जुनी कहाणी आहे. माथेरान तिला अपवाद ठरले असते तरच नवल.

ऑगस्ट २०२५ च्या निकालात काय आहे?

तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई, न्या. के. विनोद चंद्रन आणि न्या. एन. व्ही. अंजारिया यांच्या खंडपीठाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी हातरिक्षा सहा महिन्यांत, म्हणजे फेब्रुवारी २०२६ पर्यंत, पूर्ण बंद करण्याचा आदेश दिला. स्वातंत्र्याला ७८ वर्षे होऊनही माणसाने माणसाला ओढावे, ही प्रथा मानवी प्रतिष्ठेला आणि संविधानातील सामाजिक-आर्थिक न्यायाच्या वचनाला धरून नाही, अशी भूमिका न्यायालयाने घेतली. सायकलरिक्षा चालवणाऱ्यांनाच मालकी मिळावी यासंदर्भातील पंजाबच्या १९८० च्या प्रकरणाचा दाखलाही निकालात आहे. त्या निकालाला ४५ वर्षे झाली, तरी प्रश्न तिथेच, हे त्यामागचे दुखणे.

निकालाचा व्यावहारिक भाग अधिक महत्त्वाचा आहे. गुजरातमधील केवडिया येथे ‘स्टॅच्यू ऑफ युनिटी’ परिसरात ई-रिक्षा चालकांना भाड्याने दिल्या जातात. तसे धोरण राज्याने आखावे, म्हणजे राज्याने रिक्षा विकत घ्याव्यात आणि चालकांना भाडेतत्त्वावर द्याव्यात, असे न्यायालयाने सुचवले. खरे हातरिक्षाचालक कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवायचे. उरलेल्या ई-रिक्षा आदिवासी महिला आणि परिसरातील इतर गरजूंना द्यायच्या. निधी नाही, ही सबब चालणार नाही, असेही बजावले गेले.

मालकीच्या या मुद्द्याकडे पर्यटकांचे सहसा लक्ष जात नाही. ई-रिक्षा विकत घ्यायची तर लाखोंचे कर्ज लागते. हातावर पोट असलेला माणूस सावकाराकडे किंवा भांडवल असलेल्या ‘भागीदारा’कडे वळतो आणि काही महिन्यांत पगारी चालक होऊन बसतो. पायातल्या वहाणा बदलतात, मालक तोच राहतो. सरकारी मालकीच्या भाडे पद्धतीने हे टळू शकते. अट एकच, भाडे ठरवणारी आणि दुरुस्ती करणारी यंत्रणा चालली पाहिजे. बॅटरी संपलेल्या, कुलूप लावून ठेवलेल्या सरकारी वाहनांची उदाहरणे शोधायला महाराष्ट्रात फार फिरावे लागत नाही.

मग घोडेवाल्यांचा विरोध कशासाठी?

माथेरानमध्ये प्रवासी वाहणारे सुमारे ४६० घोडे आहेत. त्यांच्यामागे मालक, मोतद्दार, नालबंद, चारा पुरवणारे अशी कुटुंबे आहेत. हातरिक्षा ९४ आणि घोडे त्यांच्या जवळपास पाचपट. त्यामुळे ई-रिक्षांचा खरा फटका आपल्याला बसणार, अशी घोडेवाल्यांची भीती आहे आणि ती निराधार नाही. त्यांच्या संघटनाही न्यायालयात गेल्या होत्या. पावसाळ्यात गिऱ्हाईक रोडावते, पण घोड्याच्या खाण्याचा खर्च थांबत नाही. शनिवार-रविवारच्या कमाईवर आठवडा काढायचा असतो. दस्तुरीला होणारी ओढाताण यातून येते. ती समर्थनीय नाही, पण दमदाटी करून किंवा फलक लावून ती थांबणार नाही, हेही खरे.

यावर एक तोडगा अनेकदा सुचवला जातो : वाहतूक ई-रिक्षा आणि शटल ट्रेनकडे द्यावी, पॉइंट दाखवण्याचा फेरफटका घोड्यांकडे राहावा. सामान घेऊन हॉटेलवर जाण्यासाठी घोडा हे साधन मुळातच गैरसोयीचे आहे. सकाळी लुईझा पॉइंटपर्यंत रपेट मारायला मात्र लोक आनंदाने पैसे मोजतात. न्यायालयाने ई-रिक्षांची वाट दस्तुरी ते बाजारपेठेच्या मुख्य रस्त्याभोवतीच आखली आहे, त्यामुळे अशा वाटणीला जागा आहे. ती प्रत्यक्षात यायची तर दर ठरलेले, लिहिलेले आणि पावतीवर मिळणारे हवेत.

पेव्हर ब्लॉकने एवढे काय बिघडते?

माथेरानची माती जांभ्याची. दरवर्षी मुसळधार पावसात ती वाहून जाते, घोड्यांच्या टापांनी उखडते. ई-रिक्षा चालवायची तर रस्ता पक्का हवा, हे प्रशासनाचे म्हणणे. काँक्रीट आणि पेव्हर ब्लॉक टाकले तर पाणी मुरणार नाही, झाडांच्या मुळांना श्वास मिळणार नाही, घोडे घसरतील आणि हळूहळू मोटारींनाही वाट मिळेल, हा विरोधकांचा आक्षेप. न्यायालयाने मध्यममार्ग काढला. दस्तुरी नाक्यापासून बाजारातील शिवाजी महाराजांच्या पुतळ्यापर्यंत मातीचे पेव्हर ब्लॉक टाकता येतील, पण त्याखाली काँक्रीटचा थर नको. आतले रस्ते आणि पायवाटा आहेत तशाच ठेवायच्या. कागदावर ही रेघ स्पष्ट आहे. ती एक-दोन पॉइंटपर्यंत ‘सोयीसाठी’ पुढे सरकते का, याकडे लक्ष ठेवावे लागेल.

मिनी ट्रेन हा पर्याय का पुरत नाही?

नेरळ-माथेरान रेल्वे बांधली ती सरकारने नव्हे, तर सर आदमजी पीरभॉय यांच्या कुटुंबाने. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांच्या देखरेखीखाली १९०४ ते १९०७ या काळात सुमारे १६ लाख रुपये खर्चून दोन फूट रुंदीचा हा मार्ग तयार झाला. तब्बल एकास वीस इतका चढ, अंगाला अंग घासतील अशी वळणे आणि वाटेत जुम्मापट्टी, वॉटर पाइप, अमन लॉज ही स्थानके. जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत या रेल्वेचे नाव आहे.

पण हा मार्ग नाजूक आहे. २६ जुलै २००५ च्या पावसात तो वाहून गेला आणि २००७ मध्ये पुन्हा सुरू झाला. २०१६ मध्ये डबे घसरल्याने गाडी दीर्घकाळ बंद राहिली. २०१९ च्या पावसाने पुन्हा नुकसान केले, तेव्हा नेरळपासूनची सेवा सुरू व्हायला ऑक्टोबर २०२२ उजाडला. दरवर्षी पावसाळ्यात नेरळ ते अमन लॉज टप्पा बंदच असतो, अमन लॉज ते माथेरान शटल तेवढी चालते. नेरळहून सुटणाऱ्या गाडीची आसने मोजकी, त्यामुळे ती मुख्यतः हौसेची गाडी झाली आहे. खरी उपयोगाची आहे ती अमन लॉजची शटल. दस्तुरीच्या वाहनतळापासून अमन लॉज स्थानक काही मिनिटांच्या अंतरावर आहे, एवढी साधी माहिती पर्यटकाला वेळेवर मिळाली, तरी दस्तुरीतला निम्मा गोंधळ कमी होईल.

नवी मुंबईमुळे दबाव वाढणार का?

सध्या नवी मुंबईकरांना रेल्वेने जायचे तर ठाण्याला जाऊन कर्जत लोकल पकडावी लागते आणि नेरळला उतरावे लागते. अन्यथा पनवेल-चौक-कर्जत मार्गे मोटार. पनवेल तालुक्यातल्या धोदाणी गावातून सनसेट पॉइंटला जाणारी पायवाट गिर्यारोहकांच्या परिचयाची आहे, पण ती सर्वांसाठी नाही. हे चित्र बदलते आहे. जानेवारी २०२४ मध्ये अटल सेतू खुला झाला आणि दक्षिण मुंबईतली मोटार थेट उरण-पनवेलच्या दिशेला उतरू लागली. नवी मुंबई आंतरराष्ट्रीय विमानतळाचे उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ रोजी झाले आणि डिसेंबरअखेर तेथून विमाने उडू लागली. पनवेल ते कर्जत या सुमारे ३० किलोमीटरच्या उपनगरी रेल्वेमार्गाचेही काम सुरू आहे. त्यावर चिखले, मोहोपे आणि चौक ही मधली स्थानके आहेत. लोकल धावू लागली, की खारघर-पनवेलच्या माणसाला ठाण्याचा वळसा पडणार नाही. कर्जतला गाडी बदलली, की नेरळ दोन स्थानकांवर.

डोंगर मात्र तेवढाच राहणार आहे. पाणी, कचरा, सांडपाणी, वाहनतळ या सगळ्याच्या मर्यादा आज जोडून आलेल्या सुट्ट्यांतच उघड्या पडतात. नेरळ-दस्तुरी घाटात मोटारींची रांग लागते आणि कंटाळलेले पर्यटक मुलांना कडेवर घेऊन चालू लागतात. त्या रांगेत रुग्णवाहिका अडकली तर काय, हा प्रश्न प्रत्येक मोठ्या सुट्टीला विचारला जातो आणि सोमवारी विसरला जातो.

पर्यटकांची संख्या मर्यादित करता येईल का?

इतरत्र तसे प्रयत्न सुरू झाले आहेत. तमिळनाडूत उटी आणि कोडाईकनाल या ब्रिटिशकालीन गिरिस्थानांसाठी मद्रास उच्च न्यायालयाच्या आदेशाने मे २०२४ पासून ई-पास सक्तीचा झाला. एप्रिल २०२५ पासून तर उन्हाळी हंगामात उटीला दिवसाला सहा हजार आणि शनिवार-रविवारी आठ हजार, कोडाईकनालला अनुक्रमे चार आणि सहा हजार वाहनांची मर्यादा घातली गेली. इटलीतील व्हेनिसने एप्रिल २०२४ पासून गर्दीच्या ठरावीक दिवशी एक दिवसासाठी येणाऱ्यांकडून पाच युरो आकारायला सुरुवात केली. गर्दी त्याने किती घटली, यावर तिथेही वाद आहे.

माथेरानला या बाबतीत एक फायदा आहे. आत येण्याचे मोटाररस्त्याचे तोंड एकच आणि नगर परिषद प्रवासी कर पूर्वीपासून घेते. म्हणजे येणाऱ्याची मोजणी आधीच होते. ही मोजणी नेरळला, घाट चढण्याआधी झाली आणि वाहनतळ भरल्यावर खालीच मोटारी थांबवून सामायिक वाहनाने लोकांना वर आणले, तर नवा कायदाही लागणार नाही. मात्र हॉटेलवाल्यांना गर्दी हवी असते, नेरळच्या टॅक्सीवाल्यांना फेऱ्या हव्या असतात आणि मर्यादेचा पहिला तडाखा श्रीमंत पाहुण्यापेक्षा दिवसभरासाठी डबा घेऊन येणाऱ्या कुटुंबालाच बसतो. उटीसारखा पास मोबाइलवर काढायचा म्हटला, तरी तीच माणसे मागे राहतात.

पर्यटकाला काय दिसत नाही?

माथेरानचा इतिहास पाहुण्यांना सांगितला जातो तो मॅलेट, एल्फिन्स्टन आणि पीरभॉय यांचा. याच गावात १ डिसेंबर १९१२ रोजी विठ्ठल लक्ष्मण ऊर्फ भाई कोतवाल यांचा जन्म झाला. नाभिक कुटुंबातला हा मुलगा वकील झाला, माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. १९४२ च्या आंदोलनात त्यांनी ‘आझाद दस्ता’ उभा केला. ठाकर-कातकऱ्यांना सोबत घेऊन विजेचे मनोरे पाडले आणि मुंबईच्या कारखान्यांचा वीजपुरवठा विस्कळीत केला. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांशी झालेल्या चकमकीत ते आणि हिराजी पाटील हुतात्मा झाले.

पॉइंटची यादी घेऊन फिरणाऱ्यांपैकी किती जण त्यांच्या स्मारकापाशी थांबतात, हे सांगायला नको. घोडेवाल्याच्या दरपत्रकात बारा पॉइंट असतात, वीस पॉइंट असतात, त्यात हे ठिकाण नसते. नगर परिषदेला ते दरपत्रक नव्याने छापायचे आहेच. हातरिक्षा बंद होताना ई-रिक्षा, घोडा, हमाल आणि शटल यांचे दर, अंतर व वेळ एकत्र लिहिलेला मराठी, हिंदी आणि गुजराती फलक नेरळ स्थानकात, दस्तुरीला आणि पनवेल-कर्जत मार्ग सुरू झाल्यावर चौक स्थानकातही लावता येईल. त्याला ना न्यायालयाची परवानगी लागते, ना पर्यावरण मंत्रालयाची.